यारी

उरण तालुक्यातल्या करंज्याच्या धक्क्यावर आमची हायड्रा उभी करायची ती समुद्राकडे पाठ करूनच. बूम पूर्ण आत ओढलेली, जॅक मिटतील तेवढे मिटलेले, हूक जमिनीपासून हातभर वर. धक्क्यावर नव्याने आलेला माणूस हमखास विचारतो, सगळ्या बोटींची तोंडं पाण्याकडे, मग ही एकटीच गावाकडे का बघते? तिची नाजूक जागा पुढे आहे म्हणून. बूम उचलणाऱ्या दोन जॅकचे चकचकीत दांडे पुढच्या बाजूला असतात. खाडीच्या तोंडावरून येणारा वारा त्या दांड्यांवर रात्रभर बसू द्यायचा नाही, हा आमच्या घरचा जुना नेम.

हायड्रा हे आता जातीचं नाव झालंय. पिवळी, चार चाकांची, वजन उचलून तसंच घेऊन चालणारी छोटी क्रेन दिसली की कोकणात तिला हायड्रा म्हणतात, मग कंपनी कोणतीही असो. आमच्या घरात मात्र तिला यारी म्हणतात. बाबा तरुणपणी मुंबईच्या गोदीत होते, तिथे क्रेनला यारीच म्हणत. मराठी कोशातही क्रेनसाठी हाच शब्द आहे. दोस्तीलाही यारी म्हणतात. ते दोन शब्द वेगवेगळ्या घरचे असतीलही, पण आमच्या अंगणात ते कधीचे एक झाले. बूमच्या दोन्ही बाजूंना लाल अक्षरांत ‘आई एकविरा प्रसन्न’ लिहिलंय आणि दर दसऱ्याला ती अक्षरं पुन्हा गिरवायचं काम माझं.

दिसायला ती देखणी नाही. पुढे दोन मोठी चाकं, मागे दोन लहान, डोक्यावरून पुढे गेलेली जाडजूड बूम. ड्रायव्हर बसतो मागे. धड कमरेत दुभंगलेलं आणि मधोमध एका उभ्या पिनेवर जोडलेलं. मोठ्या क्रेनसारखं नुसतं डोकं फिरवणं तिला जमत नाही. बाजूला बघायचं तर अख्खी कंबर वळवावी लागते, गाभण म्हैस गोठ्यात वळते तशी, सावकाश, चारी पाय सांभाळत. बारा टनांची म्हणतात तिला, पण ते बारा टन वजन अगदी पोटाशी धरलं तरच. बूम पुढे काढत गेलं की ताकद झपाट्याने उतरते. भरलेला हंडा कमरेवर घेऊन चालता येतं, हात लांब करून तोच हंडा धरून बघावा. केबिनमध्ये पत्र्याच्या पाटीवर तिचा तक्ता लावलाय, किती लांबीवर किती वजन. बाबा त्या तक्त्याला तिची पत्रिका म्हणत आणि पत्रिकेबाहेरचं ओझं तिला कधी उचलू देत नसत.

द्रोणागिरीच्या पलीकडे, न्हावा-शेव्याच्या बंदरात, १९८९ पासून क्रेनांचं मोठं साम्राज्य आहे. चाळीस फुटी कंटेनर तिथे काड्यापेटीसारखे उचलले जातात. त्या क्रेनांची निगा राखायला अभियंत्यांच्या तुकड्या असतात, संगणक असतात. आमच्या यारीला एक ग्रीसगन, ग्रीसची बादली, चिंध्यांची पिशवी आणि एक दोनशेपानी वही. वही मी लिहिते. कॉलेजात असल्यापासून लिहिते आहे, कारण बाबांचं अक्षर त्यांचं त्यांनाच वाचता येत नसे. पुढे वहीबरोबर ग्रीसगनही माझ्याच हातात आली. कमरेच्या पिनेखाली जो निपल आहे, तिथे मोठा हात शिरत नाही. माझा शिरायचा.

तिच्या अंगावर असे बत्तीस निपल आहेत. निपल म्हणजे ग्रीस आत जाण्याची दारं. बोटाच्या पेराएवढी, टोकाला गोळी बसवलेली. बाबा त्यांना तिची बत्तिशी म्हणत. सकाळी कामाला निघण्याआधी विचारत, “बत्तिशी घासलीस का गो तिची?”

हे रोजचं ऑइलपाणी इतकं कडक का, हे समजायला आमच्या किनाऱ्यावर एक पावसाळा काढावा लागतो. स्वयंपाकघरात मिठाच्या बरणीला पाणी सुटतं, ते सगळ्यांनी पाहिलेलं आहे. हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून घेतं आणि त्यातच विरघळतं. बरणीत जे होतं तेच यारीच्या अंगावर होतं. दुपारी खारे वारे येतात, बारीक मीठ आणून लोखंडावर बसवतात. रात्री हवा ओलावते आणि त्या मिठाचं पाणी होतं. डोळ्यांना पत्रा कोरडा दिसतो, पण त्यावर खारट पाण्याचा पातळ थर पसरलेला असतो, आणि असल्या पाण्यात गंज फार वेगाने चालतो. पावसाळ्यातच नव्हे, हिवाळ्यातल्या पहाटेही. घाटावर वर्षभरात जेवढा गंज चढेल तेवढा इथे दोन-तीन महिन्यांत चढलेला मी पाहिलाय. अलिबागला एक वेधशाळा आहे, तिच्यात पृथ्वीचं चुंबकत्व मोजतात. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून कुलाब्याचं ते काम १९०४ मध्ये तिथे हलवलं. लोखंडाने नोंदी बिघडतील म्हणून त्या इमारतींत लोखंड वापरलेलंच नाही. शाळेच्या सहलीत ते ऐकलं तेव्हा मला वाटलं होतं, या किनाऱ्यावर समुद्राची भीती नसलेलं घर हे एवढंच. बाकी आम्ही सगळे लोखंडाचे सोबती. आम्हाला रोज पुसत राहावं लागतं.

ग्रीसबद्दल थोडं सांगते, कारण लोक त्याला काळा चिकटा समजतात. ग्रीस म्हणजे साबणाने धरून ठेवलेलं तेल. आमच्या बादलीतलं लिथियमच्या साबणाचं आहे, बादलीवर ‘ईपी-२’ लिहिलेलं असतं. ईपी म्हणजे प्रचंड दाबाखालीही टिकणारं. दोन हा आकडा घट्टपणाचा, थंडीतल्या लोण्याएवढा. साबण स्पंजासारखा तेल पोटात धरतो, पिन आणि तिच्याभोवतीचं बुश एकमेकांवर दाबले गेले की जरूर तेवढं तेल सोडतो. नुसतं तेल घातलं असतं तर तासाभरात वाहून गेलं असतं. ग्रीस थांबतं. तेलाचं काम तर ते करतंच, शिवाय दारात उभं राहून खारं पाणी आणि वाळू बाहेर अडवून धरतं. किनाऱ्यावर मला हे दुसरं काम अधिक मोलाचं वाटतं. दोन जातींची ग्रीस मात्र एकत्र करायची नाहीत. कधी कधी त्यांचे साबण एकमेकांशी जमत नाहीत, मिश्रण फाटतं, तेल सुटून वाहून जातं आणि पिन कोरडी पडते. एकदा बादली संपली म्हणून शेजारच्या ट्रकवाल्याकडून अर्धा डबा उसना आणला होता. बाबांनी तो झाकण न उघडता परत पाठवला.

आता रीत. आधी निपल पुसायचा. हे न करणारी माणसं मी बघते तेव्हा माझ्या पोटात खड्डा पडतो. निपलच्या डोक्यावर रात्रभराची वाळू आणि मीठ बसलेलं असतं. न पुसता गन लावली तर तीच वाळू ग्रीससोबत आत जाते, आणि वंगण घालतो आहोत असं समजून आपण बुशला पॉलिशकागद लावत बसतो. पुसून झालं की गन सरळ दाबायची, तिरकी नाही. मग दांडा मारायचा. पहिले एक-दोन झटके हलके जातात, मग हाताला भार लागतो, आणि पिनेच्या कडेने जुनं ग्रीस बाहेर येऊ लागतं. तिथे थांबून ते बघायचं.

बाहेर आलेल्या ग्रीसमध्ये ती आपली हकिगत सांगते. काळपट आलं तर सगळं ठीक, ते नेहमीच्या कामाचं. दुधाळ, ताकासारखं आलं तर आत पाणी शिरलंय. तांबूस आलं तर पिनेला आत गंज धरू लागलाय, उद्यापासून दिवसातून दोनदा. आणि उन्हात धरल्यावर चमचम दिसली, बारीक पितळी कण चमकले, तर बुश झिजतंय, काम थांबवून पिन काढून बघायची वेळ आलीय. म्हणून मी बाहेर आलेलं ग्रीस लगेच पुसत नाही. बोटावर घेते, अंगठ्याने चोळते, खरखर लागते का बघते. डॉक्टर जीभ दाखवायला सांगतात, तसंच काहीसं. आणि कधी कधी ग्रीस बाहेर येतच नाही, दांडा दगडासारखा होतो. तेव्हा जोर करायचा नाही. निपल काढून डिझेलमध्ये टाकायचा, गोळी मोकळी होते का बघायची, नाही तर नवा बसवायचा. निपल स्वस्त असतो, पिन नसते.

सगळ्यात कठीण कमरेची पिन. यारीचं सगळं वळणं तिच्यावर. उभ्या-उभ्या ग्रीस मारलं तर ते मोकळ्या बाजूला जातं, जिथे भार आहे ती बाजू कोरडीच राहते. म्हणून चार झटके मारायचे, बाजूला व्हायचं, मग ड्रायव्हरने कंबर सावकाश डावीकडे घ्यायची, पुन्हा थांबायचं, इंजिन बंद, पुन्हा चार झटके. मग उजवीकडे. कमरेच्या सांध्यात माणूस असताना इंजिन चालू ठेवायचं नाही, चावी माझ्या खिशात. हा नेम बाबांनी मला पहिल्या दिवशी सांगितला आणि त्यानंतर कधी सांगावा लागला नाही. बूमच्या मुळाशी असलेल्या पिनेचंही तसंच, बूम थोडी वर, थोडी खाली, दोन्ही वेळा ग्रीस. पेटीत पेटी सरकावी तशी बूम एकात एक सरकते. मध्ये नायलॉनचे तुकडे असतात, त्यांना पातळ हात फिरवायचा, जाड नाही. जाड थरावर वाळू बसते आणि करंज्याला वाळूची वाण नाही.

इंजिनाबद्दल फार सांगत नाही. पन्नासेक अश्वशक्तीचं, ट्रॅक्टरच्या वळणाचं इंजिन, त्याची भाषा उरण तालुक्यातल्या निम्म्या गॅरेजांना येते. ऑइलची पट्टी रोज बघायची, फिल्टर वेळेवर बदलायचे.

हायड्रॉलिकच्या टाकीकडे मात्र किनाऱ्यावरच्या माणसाने विशेष लक्ष द्यावं. जॅक बाहेर जातो तेव्हा टाकीतलं तेल कमी होतं आणि तेवढी हवा आत येते. जॅक मिटला की हवा बाहेर. म्हणजे यारी दिवसभर श्वास घेते, आणि घेते ती इथलीच ओली हवा. रात्री टाकी गार पडली की तिच्या आतल्या भिंतीवर दव धरतं आणि ते तेलात उतरतं. म्हणून टाकीच्या झाकणावरचा श्वासाचा फिल्टर स्वच्छ आणि कोरडा हवा. म्हणून रात्री जॅक मिटलेले हवेत, तेव्हा टाकी भरलेली असते, हवेला जागा कमी मिळते. शिवाय मिटलेल्या जॅकचा दांडा वाऱ्याला दिसत नाही. त्या दांड्यावर क्रोमचा मुलामा असतो. मिठाने त्याला टाचणीच्या टोकाएवढा जरी खड्डा पाडला, तरी प्रत्येक वेळी आत-बाहेर होताना तो खड्डा रबरी सील कातरत राहतो, आणि एक दिवस भार धरलेला असताना जॅक सावकाश खाली बसू लागतो. जेवढा दांडा मिटत नाही, तेवढ्यावर ग्रीसचा हात फिरवून ठेवायचा. समुद्राकडे पाठ करण्याचं सगळं कारण एवढं आहे.

मी एकदा चुकले होते.

बाबा आजारी होते ते वर्ष. आमच्याकडे १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. त्या दोन महिन्यांत धक्का शांत नसतो, उलट बोटींची दुरुस्ती तेव्हाच चालते. इंजिनं बाहेर काढायची, नेऊन खोलायची, परत आणून बसवायची. पूर्वी हे काम तिकाटणं बांधून चेनकप्पीने व्हायचं, सहा-आठ माणसं आणि अख्खा दिवस. यारी ते सकाळच्या चहाआधी करते. पण त्या वर्षी जूनमध्ये कामं आटपली आणि जुलैभर ती उभीच होती. मी दवाखाना आणि घर यांच्यात. वाटलं, चालतच नाहीये तर ग्रीस कशाला? आणि नेमकं हेच चुकलं. चालणाऱ्या यंत्राला कामाने झीज होते, उभ्या यंत्राला पावसाने. चालताना निदान जुनं ग्रीस फिरत राहतं, उभ्या पिनेत ते एका बाजूला बसतं आणि दुसऱ्या बाजूने पाणी हळूहळू वाट काढतं.

जुलैच्या शेवटच्या आठवड्यात एका नाखव्याचं इंजिन बसवायला तिला बाहेर काढली. सहा सिलिंडरचं, टनाच्या आसपासचं. सुदैवाने इंजिन अजून टेम्पोतच होतं. रिकामी बूम वर घेतली आणि ती ओरडली. दुसरा शब्द नाही त्याला. लोखंडावर लोखंड घासल्याचा लांब, खालून वर चढत गेलेला आवाज. आमचं घर धक्क्यापासून दूर नाही. बाबा पडवीत खाटेवर होते. मी धावत घरी आले तर उठून बसलेले. म्हणाले, “पिन उपाशी हाय गो तिची.” रागावले नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं, कोणती, वरची की खालची? त्यांना आवाजावरून बहुधा कळलं होतं, त्यांना माझ्याकडून ऐकायचं होतं.

उजव्या जॅकची वरची पिन होती. काढायला दोन दिवस लागले. घण, रॉकेल, गॅसची ज्योत, पुन्हा घण. निघाली तेव्हा तिच्यासोबत मूठभर तांबडी भुकटी पडली, हळदीकुंकवातल्या कुंकवासारखी. बुशला उभी चीर. नवी पिन आणि बुश बसून यारी पुन्हा उभी राहिली तोवर त्या नाखव्याची बोट इतरांच्या मागे राहिली होती. हंगामाचे पहिले दिवस म्हणजे काय हे करंज्यात कुणाला समजावून सांगावं लागत नाही. तो मला एक शब्द बोलला नाही. त्या वर्षीच्या वहीत जुलैचं पान कोरं आहे. ते मी अजून तसंच ठेवलंय.

यानंतर दोराविषयी. हूक ज्या पोलादी दोराला लटकतो तो तिच्या अंगावरचा सगळ्यात फसवा अवयव. पिन ओरडते, जॅक गळतो, टायर बसतो. दोर काहीच सांगत नाही. जर्मनीत हार्त्सच्या डोंगरातल्या खाणींत विल्हेल्म आल्बर्ट नावाच्या अधिकाऱ्याने १८३४ मध्ये तारा पिळून असा दोर पहिल्यांदा वापरात आणला, कारण साखळीची एक कडी तुटली की सगळंच खाली येई. दोराची एक तार तुटली तरी बाकीच्या धरून ठेवतात. पण धरून ठेवतात म्हणूनच तुटलेली तार लक्षात येत नाही. आपल्याकडे म्हणतात, सुंभ जळलं तरी पीळ जळत नाही. पोलादी दोराचं उलट. बाहेरचा पीळ शाबूत दिसतो आणि आत सुंभ सडत असतं. आमच्या दोराचा गाभा तंतूंचा आहे, कारखान्यातून तो वंगण पिऊनच येतो. दोर कप्पीवरून वळतो तेव्हा प्रत्येक तार शेजारच्या तारेवर घासते आणि गाभ्यातलं वंगण त्या घासण्याला पुरतं. ते वाळलं की खारं पाणी आत शिरतं.

म्हणून दोर डिझेलने धुवायचा नाही. बरेच जण धुतात, लखलखीत दिसतो आणि गाभ्यातलं वंगण निघून जातं. तारेच्या ब्रशने कोरडा घासायचा, फडक्याने पुसायचा, आणि पातळ वंगण नेमकं कप्पीवर, जिथे दोर वाकतो आणि त्याचे पदर किंचित उघडतात, तिथे सोडायचं. सरळ दोरावर ओतलं तर नुसतं ठिबकून जातं. तपासायला जाड फडकं दोराभोवती धरून सावकाश ओढायचं, तुटलेली तार असेल तिथे फडकं अडकतं. उघड्या हाताने कधीच नाही. माझ्या डाव्या तळव्यावर पांढरी रेघ आहे, ती शिकण्याआधीची. वर्षातून एकदा तपासणीला अधिकृत माणूस येतो. कारखान्याच्या कामाला जायचं तर अशी तपासणी लागतेच. तो व्हर्नियरने दोराची जाडी मोजतो, हुकाचं तोंड फाकलंय का बघतो, हुकावरची जीभ उघडून सोडतो. मग वही मागतो. ते पान कोरं का, हे त्याने एकदा विचारलं होतं. मी सांगितलं. त्याने मान हलवली आणि पुढचं पान उलटलं.

तिचा एक दोष मला लपवायचा नाही. तिला समोरचं नीट दिसत नाही. ड्रायव्हर मागे, डोळ्यांपुढे बूम, पुढ्यात लटकणारं वजन. ती वजन घेऊन चालते तेव्हा चाकासमोर कोण आहे हे केबिनमधून कळत नाही. म्हणून शिट्टीवाला माणूस सोबत असल्याशिवाय आम्ही तिला एक पाऊल टाकू देत नाही. आता ड्रायव्हर पुढे बसतो अशा नव्या बनावटीच्या क्रेन आल्यात आणि मोठ्या कामांवर कित्येक ठिकाणी जुन्या हायड्राला फाटकातून आत घेत नाहीत. बरोबर करतात. मला तिची माया आहे, पण माणसाच्या पायापेक्षा माया मोठी नाही. आमची यारी धक्क्यावर, गावात, वाडीत काम करते, जिथे जागा ओळखीची असते आणि माणसं तिला ओळखतात.

३ जून २०२०. निसर्ग वादळ दुपारी अलिबागच्या दक्षिणेला जमिनीवर आलं. वारा ताशी शंभर किलोमीटरच्या वर. आदल्या संध्याकाळी आम्ही बूम खाली बसवली, हूक साखळीने बांधला, बत्तीसच्या बत्तीस निपल भरले आणि दांड्यांवर, दोरावर, कप्प्यांवर ग्रीसचा जाड हात दिला. तिसऱ्या दिवशी बोलावणं आलं. पेणवरून अलिबागकडे जाताना रस्ता असा उरला नव्हता. आंबे, सुरू, विजेचे खांब, सगळं आडवं. पुढचे वीस-बावीस दिवस ती त्या पट्ट्यात राहिली. खांब उभे करणं, घरावर पडलेली झाडं उचलणं, कौलांतून आत गेलेली माडाची खोडं अलगद बाहेर काढणं. हे शेवटचं काम तिने फार सांभाळून केलं. तिच्यात मऊपणा आहे हे मला तेव्हा दिसलं. लीव्हर बोटभर हलवली तर बूमही बोटभरच हलते, पिना भरलेल्या असतील तर. कोरड्या पिना अडखळतात आणि मग झटका देतात. कुणाच्या देवघरावरून माड उचलताना झटका चालत नाही.

वीज नव्हती. रोज रात्री मोबाईलच्या उजेडात बत्तिशी. वादळाने समुद्र उडवून झाडापानांवर आणून टाकला होता. पानं भाजल्यासारखी तांबडी झाली होती आणि यारीच्या अंगावर बोट फिरवून जिभेला लावलं तर खारट लागत होतं. गोड्या पाण्याने धुवायला हवी होती, पण पंप बंद, लोकांना प्यायलाच पाणी शेंदून घ्यावं लागत होतं. मागायची लाज वाटली. एका वाडीत आम्ही घरावरचं झाड काढून दिलं, तिथल्या आजी रहाटावर उभ्या होत्या. त्यांनी स्वतः शेंदलेले पहिले दोन हंडे माझ्या पायाशी ठेवले. म्हणाल्या, “आधी तिला घाल, बाय. उद्या शेजारी जायचंय तिला.” दोन हंड्यांत क्रेन धुतली जात नाही. मी फडकं भिजवून भिजवून जॅकचे दांडे, कप्प्या आणि निपल पुसले. शेवटचं घोटभर पाणी ‘आई एकविरा’वर.

बाबा गेले त्याला आता काही वर्षं झाली. शेवटी शेवटी त्यांना धक्क्यापर्यंत चालवत नसे. संध्याकाळी यारी परतताना घरावरून जायची, तेव्हा ते रेडिओ बारीक करायचे आणि कान देऊन ऐकायचे. वळणावर कमरेची पिन बोलते का, एवढंच. नाही बोलली की रेडिओ पुन्हा मोठा.

या वर्षी तिच्या कमरेत किंचित ढिलाई आहे. लोखंडी पहार लावून हलवलं तर खालच्या बुशमध्ये हाताला जाणवते. ग्रीस अजून काळपट येतं, चमक नाही, पण मी दसऱ्याची वाट बघणार नाही. हंगाम सुरू झाला आणि धक्का मोकळा झाला की ऑगस्टातच बुश काढायचं ठरवलंय. तसं वहीत लिहिलंय. पुढच्या आठवड्यात बंदी उठते. खोलायला गेलेली इंजिनं परत येऊ लागलीत, रोज दोन-तीन बसवायची आहेत. भावाचा मुलगा बारावीत आहे. त्याचा हात अजून माझ्यापेक्षा बारीक. आज दुपारी पाऊस थांबला तसा तो कमरेखाली शिरला, मी चावी खिशात घालून बाहेर बसले. निपल पुसल्याचं त्याने न विचारता सांगितलं. चार झटके झाले.

“काय आलं?” मी विचारलं.

त्याने बोट बाहेर काढून मला दाखवलं. उन्हात धरायला त्याला सांगावं लागलं नाही.